रद्दी कागदाच्या सजावटीबाबत सूचना
सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रद्दी कागदाची फुले, झालरी किंवा लगद्याची नक्षी दिव्याच्या शेडवर बसविताना आत एलईडी दिवाच असावा, कारण जुन्या पिवळ्या बल्बची काच इतकी तापते की तिला टेकलेला कागद आधी तपकिरी पडतो आणि पुढे पेटूही शकतो. स्विचबोर्डाभोवती कागदी चौकट चिकटविण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. खळ फटीतून आत उतरू देऊ नये व ती पूर्ण वाळल्याखेरीज वीज सुरू करू नये. दुकानातील गुळगुळीत पावत्या शेडसाठी घेऊ नयेत, त्या उष्णतेने काळ्या पडतात. वर्तमानपत्राच्या घट्ट वळलेल्या नळ्या आरशाच्या चौकटीला उत्तम शोभतात (आमच्या मते, रंग न देताच), परंतु न्हाणीघरात त्या वाफेने सैल होऊन गळून पडतात.