दारू आणि गोळ्या एकदम सुटतात तेव्हा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

साहेब, आरोग्य खातं राधानगरीकडं आणि वैद्यकीय शिक्षण खातं कागलकडं, म्हणजे दोन्ही मंत्री आपल्याच जिल्ह्यातले, असा योग कोल्हापूरला पुन्हा कधी यायचा? म्हणून मागणं आत्ताच मांडते.

२६ जूनला आपल्याकडे शाहू जयंती असते आणि जागतिक अमली पदार्थविरोधी दिनही. शाळेची पोरं फलक घेऊन फिरतात, शपथा होतात. होऊ देत. पण ज्यानं शपथ मनावर घेऊन त्याच रात्री सगळं बंद केलं, त्याचं तिसऱ्या दिवशी काय होतं, ते आम्ही वॉर्डात बघितलंय.

शिरोलीच्या फौंड्रीतला एक कामगार. घरच्यांनी दारू सोडवायला एका खासगी केंद्रात नेला. पाठदुखीसाठी सुरू झालेल्या ट्रामाडॉलच्या, म्हणजे अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या तो रोज मूठभर घ्यायचा. ते ना कुणी विचारलं, ना त्यानं सांगितलं. दारूची ओढ कमी व्हावी म्हणून नालट्रेक्झोन दिलं. दारूपुरतं औषध चांगलंच, पण अंगात अफूवर्गातलं काही असेल तर ते सुटल्यावर होणारा सगळा त्रास नालट्रेक्झोन एकदम उसळवतं. जांभयांवर जांभया, डोळ्यानाकातून पाणी, उलट्या, जुलाब. “नाटकं करतोय,” असं तिथं म्हणाले. आमच्याकडे आणला तेव्हा हात कापत होते ते दारूपायी, आणि दंडावर सरसरून काटा होता तो गोळ्यांपायी.

दोन्हींत जीवघेणं ते दारूचं एकदम सुटणं. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस बरळायला लागतो. म्हणून आधी फिट आणि भ्रम आवरणारं औषध : डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन. गोळ्या सुटल्याच्या त्रासाला ब्युप्रेनॉर्फिन, हेही अफूवर्गातलंच औषध, जिभेखाली, तेही त्रास नीट सुरू झाल्यावरच. दोन्ही औषधं मिळून श्वास मंदावू शकतो. पण म्हणून एकाला घाबरून दुसरं बंद करायचं नसतं, तर डोस बेतानं द्यायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, अफूवर्गाचा असर उतरवणारं नालोक्झोन हाताशी ठेवायचं. आणि रात्री जागी सिस्टर हवी, ती कुठून आणायची हे आपण जाणता!

नुसत्या क्लोनिडिनवर, म्हणजे बीपीच्या औषधावर भागवणारेही असतात. त्यानं नाडी आणि बीपी उतरतं, तक्त्यावर रुग्ण शांत दिसतो, पण फिट काही थांबत नाही. अंगदुखीला ट्रामाडॉल दिलं तर फिटेला आमंत्रणच.

तेव्हा गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय आणि इचलकरंजीचं इंदिरा गांधी रुग्णालय, दोन्हीकडे या रुग्णांसाठी थोड्या खाटा राखून ठेवा आणि ही औषधं तिथं कायम राहतील असं बघा. केसपेपरवर एक ओळ छापा : ‘दारूशिवाय आणखी काय घेता? गोळ्या, सिरप, इंजेक्शन?’ हे नातेवाइकांना बाहेर थांबवून विचारायचं आणि उत्तर पोलिसांकडे जाणार नाही, हे आधी सांगायचं. खासगी केंद्रांची नोंदणी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खाली होते. तपासणीला जाणाऱ्यांनी तिथं रात्री डॉक्टर कोण असतो, तेवढं विचारावं.

घरी सोडताना ब्युप्रेनॉर्फिन तोडू नका. अंगाची सवय गेलेली असते, आणि जुन्याच मापानं पुन्हा घेतलेल्या गोळ्या जीव घेतात. पुढच्या महिन्याचं औषध तालुक्यातच मिळालं, तर चंदगडच्या माणसाची कोल्हापूरची खेप आणि बुडणारा रोज वाचेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर