बारावीच्या मुलीचं आयआयएमचं पत्र पूर्ण वाचणाऱ्या साहेबांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मी तुम्हाला आठवणार नाही. शैक्षणिक कर्जाच्या कितीतरी फायली तुमच्या टेबलावरून जात असतील. तरी खूण सांगते. 2022 चा पावसाळा. लातूरच्या मार्केट यार्डात अडत दुकानावर मुनीम असलेले वडील, आणि आयआयएम इंदूर या व्यवस्थापन संस्थेत प्रवेश मिळाल्याचं पत्र घेऊन आलेली बारावी पास मुलगी. 'बारावी पास' हाच तर सगळा घोळ होता.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका बँकेत गेलो होतो. तिथल्या साहेबांनी पत्राचं पहिलं पान अर्धं वाचलं आणि काचेखालून परत सरकवलं. "आयआयएमला पदवी झाल्यावर जातात. कॅट परीक्षा द्यावी लागते. बारावीवर तिथं काही नसतं. कुणीतरी गंडवलंय तुम्हाला, पैसे भरून बसू नका." मी सांगू पाहिलं की इंदूरला हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम 2011 पासून आहे, रोहतकला 2019 पासून आहे, आता रांची, जम्मू, बोधगयालाही निघालाय. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बघून हसून घेतलं. "आणि खरंच असलं, तर सातबारा घेऊन या." माझे आजोबा यार्डात हमाल होते. आमच्या नावावर सातबारा कुठला असणार?

परत येताना मोटारसायकलवर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मान न वळवता विचारलं, "बाई, ते कॉलेज खरं आहे ना गं?"

क्लासवाल्यांनी 'नीट दे, नाहीतर सरळ बी.कॉम. कर' म्हटलेलं मी केव्हाच सोडून दिलं होतं. लातुरात हे ऐकतच मुलं मोठी होतात. 'सेमी-इंग्लिशची मुलगी दिल्ली-मुंबईच्या पोरांपुढं व्हर्बलमध्ये टिकत नाही' असंही एका समुपदेशकांनी फी घेऊन सांगितलं होतं. आयपीमॅटमध्ये, म्हणजे या अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेत, दोन तासांत नव्वद प्रश्न असतात आणि त्यातला अर्धा पेपर इंग्रजीचा, तेव्हा त्यांचं भय अगदीच निराधार होतं असं नाही. पण मी टिकले. मुलाखतीत तर माझं नशीबच फळफळलं. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले होते, त्याबद्दल विचारलं. आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला तोंडी लावायला तोच विषय असायचा! हे सगळं पार करून हातात आलेल्या पत्रावर माझ्याच वडिलांना शंका यावी, आणि तीही अर्धं पान वाचणाऱ्या माणसामुळे, याचा राग अजून गेलेला नाही. जाऊ द्यायचाही नाही.

मग कुणीतरी तुमच्या शाखेचं नाव सांगितलं. तुम्ही पत्र घेतलंत. पहिलं पान, दुसरं, मग फीचं कोष्टक, मागची बाजूसुद्धा. तोवर अण्णा टोपी हातात घेऊन उभेच होते. तुम्ही खुर्चीवरून उठलात. मला वाटलं, आता हे आत मॅनेजरांकडे जाणार आणि तिथून नकार येणार. तुम्ही काउंटरला वळसा घालून बाहेर आलात, भिंतीकडेच्या रेक्झिन फाटलेल्या बाकावर बसलात आणि अण्णांना म्हणालात, "बसा काका. लेकीचं अभिनंदन आधी, कागदं मागनं."

सर, ते पत्र आल्यापासून आम्हाला 'अभिनंदन' म्हणणारे तुम्ही पहिले. तोवर लोकांनी फी विचारली होती, पोरीला एवढ्या लांब कशाला धाडता विचारलं होतं, लग्नाचं काय तेही विचारून झालं होतं.

मांडीवर फाईल, फायलीवर पत्र. तुम्ही खिशातली पेन्सिल काढलीत. पेन नाही, पेन्सिल, कारण "हे ओरिजिनल आहे, खोडता आलं पाहिजे." एकेक ओळ मराठीत सांगत तुम्ही खाली हलकी रेघ ओढत गेलात. पहिली तीन वर्षं पाया, पुढची दोन एमबीए, मधे सोडायचं झालं तर काय. अण्णा वहीतली बाकी तपासावी तसं प्रत्येक ओळीवर बोट ठेवत होते. फीच्या पानावर आल्यावर तुम्ही कॅल्क्युलेटर काढलात आणि त्याच्या आधी अण्णांनी तोंडी बेरीज सांगितली. तुमचा आकडा वेगळा आला. तुम्ही पुन्हा केलीत आणि मोठ्यानं म्हणालात, "काका, तुमचीच बरोबर." पलीकडच्या दोन-तीन टेबलांनी वर बघितलं. अण्णांनी तेव्हा टोपी परत डोक्यावर घातली.

कर्जाचं पुढं जे झालं ते कागदोपत्री झालं, त्याबद्दल बँकेचे आभार मानता येतील. आयआयएमसाठी सरकारी बँकांच्या वेगळ्या योजना असतात आणि तिथं तारण लागतंच असं नाही, हे तुम्ही नियम दाखवून सांगितलंत. आता तर 2024 च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या योजनेमुळे नावाजलेल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. पण नियम त्या पहिल्या बँकेतही होतेच की. ते उघडून बघायला कुणी उठलं नाही एवढंच.

उठता उठता तुम्ही अण्णांना हळू आवाजात काहीतरी सांगितलंत. काय, ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते इंदूरच्या पहिल्या टर्ममध्ये.

राऊजवळच्या टेकडीवर कॅम्पस आहे. गावात मराठी कानावर पडतं, होळकरांचा राजवाडा बघून घरी आल्यासारखं वाटतं, पोह्यांवर जिरावन मसाला आणि शेव घालतात तेही चालवून घेता येतं. वर्गात मात्र मी पार हरवले होते. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र एकदम अंगावर आलं, आणि शेजारच्या मुलांनी यातलं निम्मं शाळेतच केलेलं. गटाच्या सादरीकरणात मला स्लाईडचे रंग नीट करायला दिले जायचे, बोलायला नाही. परीक्षेचे गुण आल्यावर मी घरी फोन करून रडले. म्हटलं, मी येते परत.

अण्णा चक्क हसले. "साहेब म्हणलेच होते, लेकरू पहिल्या टर्मला फोनवर रडंल. परत ये म्हणू नका, आणि रडू नको असंही म्हणू नका. मग रड की. जेवलीस का?"

सर, अण्णांना हा फोन येणार हे आधीपासून ठाऊक होतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींचा असाच फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी मोठा भाऊ गाडीत बसतो. माझ्याकडे कुणी आलं नाही. मी सीनियरकडे जाऊन संख्याशास्त्राची पहिली चार प्रकरणं पुन्हा शिकले. दुसऱ्या वर्षी एकदा वर्गात बाजारात भाव कसा ठरतो यावर चर्चा चालली होती. मी उठून लातूरच्या यार्डातला सौदा फळ्यावर मांडला, शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, हमाली आणि तोलाई कशी कापली जाते ते आकड्यांनिशी. त्यानंतर स्लाईडचे रंग दुसरं कुणीतरी करू लागलं. चौथ्या वर्षी कॅट देऊन आलेली मंडळी आमच्याच वर्गात येऊन बसली, तेव्हा मला भीती वाटली नाही. खेडं बघायला म्हणून आम्हाला मध्य प्रदेशातल्या गावात पाठवलं, तिथं दिल्लीची मुलं शेण कुठं आहे ते बघत चालायची. मी त्यांची गाईड झाले!

आता पाचवं वर्ष सुरू आहे. उन्हाळ्यात जिथं इंटर्नशिप केली, त्या कंपनीनं नोकरीचं पत्र दिलंय. पगारातून हप्ता जाऊन किती उरेल हे अण्णांनी फोनवरच तोंडी काढलं, आणि शिक्षण संपल्यावरची सवलतीची मुदत न वापरता लगेच हप्ते सुरू करायचा हुकूमही सोडला. व्याज कुणाचंही असो, त्यांना ते चढलेलं बघवत नाही.

आपल्याकडे चांगल्या माणसाला 'देवमाणूस' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मी तुम्हाला तसं म्हणणार नाही. देवाला ते जमणारच, त्यात काय! तुम्ही पगारी नोकरदार होता, बाहेर रांग लागली होती, जेवणाची वेळ टळून चालली होती. त्या पहिल्या बँकेतल्या साहेबांचा दिवसही तसाच असणार.

शाखेत चौकशी केली तर तुमची बदली झाल्याचं कळलं, नंबर मात्र कुणी दिला नाही. म्हणून हे पत्र असं जाहीर. वाचलंत तर पत्ता कळवा. अण्णांना तुमच्याकडे तूरडाळ पाठवायची आहे. कट्टाच, म्हणजे अख्खं पोतंच पाठवणार होते. बँकेच्या माणसाला भेट चालत नाही म्हणून मी त्यांना दोन किलोवर आणलंय, तेही कर्ज पूर्ण फिटल्यावर. तोवर पत्ता तेवढा द्या.

आपली नम्र,
एक कर्जदार, लातूर