दवाखान्याचं भाडं कोण भरतं ते पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अग्रलेखात तुम्ही लिहिलंय की फॅमिली डॉक्टरांनी सोलापूरचा पूर्व भाग, म्हणजे विडी कामगारांची वस्ती सोडली, सगळे जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत जाऊन बसले आणि गोरगरिबांना वाऱ्यावर सोडलं. वाचल्यापासून राग जात नाही म्हणून लिहायला बसले. आमच्या ह्यांचा दवाखाना अजून साखर पेठेतच आहे आणि लग्न झाल्यापासून त्याचा हिशोब मीच बघते, त्यामुळे मला माहितीय ते सांगते.

तपासणी आणि दोन दिवसांच्या गोळ्या मिळून आम्ही पन्नास रुपये घेतो. विडीवाल्या बायकांना तेवढेही लगेच जमत नाहीत, मजुरी झाली की देते ओ म्हणतात आणि आणून देतातही, वहीत नाव असतं. त्या पैशात जागेचं भाडं, कंपाउंडरचा पगार, औषधं, लाईट बिल, शिवाय सुया आणि कापसाचा कचरा नेणाऱ्या गाडीचे पैसे वेगळे, कारण तो घंटागाडीत टाकता येत नाही. नियम योग्यच आहे, माझी तक्रार नाही, पण ह्यातल्या कशालाही सरकारचा एक रुपया नाही हे अग्रलेखात कुठे आलंच नाही.

हॉस्पिटलात भरती झाल्यावरचा खर्च देणारी जनआरोग्य योजना आपल्या जिल्ह्यात अगदी पहिल्या टप्प्यात आली, २०१२ च्या जुलैत, तेव्हा राजीव गांधींच्या नावाने होती, मग महात्मा फुलेंच्या नावाने झाली, आता पाच लाखांपर्यंत आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना पण. चांगली आहे, आमच्याच कितीतरी पेशंटची हार्टची ऑपरेशनं त्यातून झाली. पण साधा ताप, खोकला, बीपीची महिन्याची गोळी ह्यातलं काहीच त्यात बसत नाही. म्हणजे बीपी सांभाळून माणूस आजारीच पडू नये म्हणून जो डॉक्टर वर्षानुवर्षं बघतो त्याला काही नाही, आणि लकवा मारून माणूस भरती झाला की मग सरकार पैसे मोजणार. हे कुणाला खटकत कसं नाही?

आणि सरकार जे थोडंफार देतं त्याची कथा ऐका. टीबीचा पेशंट सापडला की खाजगी डॉक्टरनी कळवायचंच हे २०१२ पासून सक्तीचं आहे, आणि त्यासाठी डॉक्टरला कळवल्याचे ५०० आणि पेशंटचा कोर्स पूर्ण झाला की आणखी ५०० असं आहे. आमच्याकडे एक विडी वळणारी बाई खोकल्यासाठी यायची, घरचे म्हणायचे तंबाखूच्या धुळीने होतंय. ह्यांनी तिचा जुना केस पेपर काढून वजन बघितलं, बरंच उतरलं होतं, लगेच बेडका तपासायला लावला आणि टीबी निघाला. सहा महिने तिला गोळ्या सोडू दिल्या नाहीत, आली नाही तर कंपाउंडर सायकलवर तिच्या घरी जायचा. बाई बरी झाली, परत मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली. पहिले ५०० आले. दुसरे आलेच नाहीत. मी स्वतः टीबीच्या सरकारी ऑफिसला गेले तर आधी म्हणाले ऑनलाइन अपडेट नाही, नंतर म्हणाले खातं लिंक नाही, आणि शेवटी तिथला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "डॉक्टरांच्या घरचे तुम्ही, एवढ्या पाचशेसाठी कशाला येता मॅडम?" मी काही न बोलता परत आले, पण ते अजून डोक्यातून जात नाही. आमच्या दवाखान्यात पाचशे म्हणजे दहा पेशंटची फी, आणि तेवढी देण्याची सुद्धा ज्यांची नियत नाही ते डॉक्टरांनी पूर्व भागात राहावं अशी अपेक्षा करतात.

वस्तीतल्या डॉक्टरला ठरलेले पैसे देणं होऊ शकत नाही असं कुणी सांगू नये. मुंबईला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या पॅनलवर गल्लीतले डॉक्टर असायचे, गिरणी कामगारांच्या नावामागे त्यांना वर्षाचे ठरलेले पैसे मिळायचे, कामगार हवा तो डॉक्टर निवडायचा. आमचा भाचा आयर्लंडला असतो, तिथे मेडिकल कार्डवाल्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पेशंटमागे सरकार फॅमिली डॉक्टरला वर्षाचे पैसे देतंच, वर नर्सच्या आणि सेक्रेटरीच्या पगारालाही हातभार लावतं. आपल्याकडे नर्स राहू द्या, निदान भाड्याचा तरी विचार करा. आमचा मुलगा एमडी झालाय, त्याने स्पष्ट सांगितलं की मी साखर पेठेत बसणार नाही, आणि हिशोबाची वही माझ्याच हातात असल्यामुळे मला त्याला आग्रह करता आला नाही.

अजून एक, विषय वेगळा आहे पण पावसाळ्यात आमच्याकडे जी रांग लागते ती पाण्यामुळेच लागते. उजनी धरण भरलं तरी आमच्या भागात चार-पाच दिवसांनी नळ येतो, लोक पिंपं भरून ठेवतात, त्यात डासांच्या अळ्या होतात, मग डेंग्यू, आणि जुलाब तर घरोघरी. त्याचाही भार पुन्हा त्या पन्नास रुपयांवरच.

तेव्हा डॉक्टरांना बोल लावायच्या आधी आपल्या आमदार-खासदारांना आणि पालकमंत्र्यांना एवढं विचारा की जनआरोग्य योजनेत ओपीडी, म्हणजे भरती न होता घेतलेले उपचार का नाहीत, आणि वस्तीतल्या दवाखान्याला कुटुंबामागे वर्षाचे ठरलेले पैसे का देत नाही. त्यांचं उत्तर आलं तर ते पण छापा.

आपली,
एका फॅमिली डॉक्टरची पत्नी
साखर पेठ, सोलापूर