आरोग्य मोहिमेचा निकाल कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लठ्ठपणाविरोधी मोहिमांच्या बातम्या आपल्या दैनिकात ठळकपणे येतात. किती शाळांत व्याख्यानं झाली, किती पत्रकं वाटली, किती मुलांची वजनं घेतली, हा सगळा तपशील त्यांत असतो. वर्षभरानं त्या मुलांचं काय झालं, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. बहुतेक वेळा ते कुणी पाहिलेलंच नसतं, कारण ते पाहायचं असं योजना आखताना ठरलेलंच नसतं. लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च होणार असेल, तर हा उपाय याआधी कुठे लागू पडला आहे का आणि या वेळी तो लागू पडला की नाही हे आपल्याला कसं कळणार, या दोन प्रश्नांची उत्तरं योजनेच्या कागदावर आधीच लिहिलेली असली पाहिजेत, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

मी श्वसनविकार विभागात परिचारिका आहे. दमा असलेल्या मुलांना इनहेलर कसा घ्यायचा ते शिकवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. त्यामुळे लठ्ठपणा आणि दमा हे मला दोन वेगळे विषय वाटत नाहीत. २००७ साली सात अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा वजन जास्त असलेल्यांमध्ये नव्यानं दमा होण्याची शक्यता सुमारे दीडपट आढळली. जादा वजनाचा भार छाती-पोटावर येतो, फुप्फुसं पुरती फुलत नाहीत, श्वासनलिका अरुंद राहतात. शिवाय चरबीच्या पेशींतून दाह वाढवणारी द्रव्यं पाझरतात. अशा रुग्णांना स्टेरॉइडच्या इनहेलरचा गुणही पुष्कळदा कमी येतो. उलट बाजूनंही हे चक्र फिरतं. धाप लागेल या भीतीनं मुलाला खेळायला पाठवलं जात नाही, बसून बसून त्याचं वजन वाढतं आणि मग तो जिना चढतानाही धापा टाकतो.

२०२२ साली जगात शंभर कोटींहून अधिक लोक लठ्ठ होते. त्यांत जवळपास १६ कोटी मुलं आणि किशोरवयीन होते आणि १९९० पासून त्यांच्यातलं लठ्ठपणाचं प्रमाण चौपट झालं आहे. दमा असलेल्यांची संख्या २०१९ साली २६ कोटींच्या वर होती आणि त्या एका वर्षात साडेचार लाखांहून अधिक माणसं दम्यानं गेली. एवढ्या मोठ्या दुखण्यावर केवळ सदिच्छेनं आखलेल्या योजना पुरेशा नाहीत.

शाळेत आहार-व्यायामाचे धडे द्यावेत, हा उपाय सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो. तो नीट तपासला गेला आहे. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागातल्या ५४ शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी वर्षभर कार्यक्रम झाला. रोज अर्धा तास जादा हालचाल, पालकांना सोबत घेऊन स्वयंपाकाचे वर्ग, नावाजलेल्या फुटबॉल क्लबच्या मदतीनं उपक्रम, असं सगळं त्यात होतं. कुणी आळस केला असं म्हणता येणार नाही. २०१८ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या शाळांतल्या मुलांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. कॅलिफोर्नियात ७९ शाळांतल्या मुलांची उंची-वजनं मोजून त्याचा अहवाल घरी पाठवण्याचा प्रयोग झाला. त्यानं मुलांची वजनं घटली नाहीत. उलट वजनं मोजल्यामुळे आपल्या शरीराविषयीचं त्यांचं असमाधान वाढलेलं दिसलं. शाळेनं काहीच करू नये असं मी म्हणत नाही. पण हे माहीत असूनही त्याच प्रकारची मोहीम, मोजमापाची सोय न करता, नव्या नावानं सुरू होते तेव्हा मला वाईट वाटतं. मुलाला जाड म्हणून चारचौघांत वेगळं काढणं ही साधी गोष्ट नाही.

मग काय उपयोगी पडतं? ब्रिटनमधल्या साखरेच्या शीतपेयांवरच्या कराचं उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. तो २०१६ साली जाहीर झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये लागू झाला. शंभर मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम साखर असली की एक दर आणि ८ ग्रॅम झाली की त्याहून चढा, अशी त्याची रचना होती. मधली दोन वर्षं मिळाल्यामुळे पुष्कळ उत्पादकांनी कर भरण्याऐवजी साखरच कमी केली. कुणाला उपदेश करावा लागला नाही, तेच पेय पिणाऱ्या मुलाच्या पोटात साखर कमी गेली. नंतरच्या अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण, कर नसता तर जेवढं असतं त्यापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळलं. गरीब वस्त्यांतल्या मुलींमध्ये हा फरक जास्त होता. मुलग्यांमध्ये तसा स्पष्ट फरक दिसला नाही आणि संशोधकांनी तेही तितक्याच मोकळेपणानं लिहिलं.

माझ्या कामाशी थेट जोडलेला निष्कर्ष २०२४ साली आला. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांना दम्यामुळे रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण, कर नसता तर जेवढं राहिलं असतं त्यापेक्षा सुमारे एकपंचमांशानं घटलेलं दिसलं. हा कालक्रमावर आधारलेला, म्हणजे कराआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहणारा अभ्यास आहे. त्याच काळात बदललेल्या दुसऱ्या गोष्टींचाही त्यात वाटा असू शकतो, म्हणून कर लावा आणि दमा घालवा असं कुणी म्हणू नये. पण दम्यासाठी न आखलेल्या धोरणाचा दम्यावर परिणाम तपासता आला, तो रुग्णालयांतल्या नोंदी वर्षानुवर्षं नेमानं ठेवल्या होत्या म्हणून. शिवाय कर लागू होण्याआधीच स्वतंत्र संशोधकांनी मूल्यमापनाची तयारी करून ठेवली होती.

स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आली. लोक बाहेर ओढत नाहीत तर घरात मुलांसमोर जास्त ओढतील, अशी भीती त्या वेळी व्यक्त झाली होती. घडलं उलटंच. बंदीआधी मुलांना दम्यामुळे रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होतं, बंदीनंतर ते वर्षाला १८ टक्क्यांनी घटू लागलं. पटण्यासारखी वाटलेली शंकाही आकड्यांवर तपासावी लागते, ती अशी.

आता माझ्या टेबलाजवळचं सांगते. आई मुलाला घेऊन येते, म्हणते, "सिस्टर, पंपानं काही गुण येत नाही." मी मुलाला म्हणते, घेऊन दाखव बघू. ते तोंड उघडतं, इनहेलर दाबतं आणि मग श्वास आत ओढतं. तोवर फवारा जिभेवर, टाळूवर बसलेला असतो आणि फुप्फुसात जायचं औषध गिळलं जातं. महिनोन्महिने असंच चाललेलं असतं. इनहेलरला स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी, जोडून त्यातून सावकाश पाच-सहा श्वास घ्यायला शिकवलं, की पुष्कळदा तेच औषध लागू पडतं. अचानक धाप लागलेल्या मुलांनाही स्पेसरमधून दिलेलं औषध नेब्युलायझरइतकंच (औषधाचे सूक्ष्म तुषार करणाऱ्या यंत्राइतकंच) उपयोगी पडतं आणि तातडीच्या विभागातून त्यांची सुटका लवकर होते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. हे शिकवायला दहा मिनिटं लागतात. आरोग्य मोहिमांच्या पत्रकांत मात्र या दहा मिनिटांचा उल्लेख मला आढळत नाही. तिथे धूळ टाळा, गादीला खोळ घाला, एवढंच असतं. घरातल्या धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव कमी करण्याच्या उपायांवर ५४ चाचण्या झाल्या आणि २००८ च्या आढाव्यात दम्यावर त्यांचा फायदा दिसला नाही.

श्वासनलिकांची सूज कमी करणारा रोजचा स्टेरॉइडचा इनहेलर टाळून फक्त तात्पुरत्या आरामाचा पंप ओढत राहणं धोक्याचं आहे. ब्रिटनमध्ये दम्याच्या मृत्यूंची तपासणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. आरामाचा पंप वापरणाऱ्या मृतांपैकी ३९ टक्के जणांना आदल्या वर्षात असे बाराहून अधिक पंप लिहून दिले गेले होते. कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. २०१९ पासून तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात, की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी एकट्या आरामाच्या पंपावर राहू नये. फिनलंडनं हे फार आधी ओळखलं. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत त्यांनी लवकर निदान, सूज कमी करणारं औषध सुरुवातीपासून, रुग्णाला स्वतःची काळजी घ्यायला शिकवणं आणि परिचारिका व औषधविक्रेत्यांचं प्रशिक्षण यांवर भर दिला. दम्यामुळे रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून कमी झाले आणि दर रुग्णामागचा खर्चही उतरला. त्यांनी उद्दिष्टं सुरुवातीलाच आकड्यांत लिहून ठेवली होती, म्हणून हे सांगता येतं.

असं लिहून ठेवणं दुर्मिळ आहे. १९९२ ते २०२० या काळात इंग्लंडच्या सरकारांनी लठ्ठपणावर १४ धोरणं आणली, त्यांत ६८९ प्रस्ताव होते. दोन संशोधकांनी ते सगळे वाचून काढले. जेमतेम १९ टक्के प्रस्तावांत शास्त्रीय आधार दिलेला होता आणि खर्चाचा वा निधीचा उल्लेख ९ टक्क्यांत होता. बरेचसे प्रस्ताव माणसानं स्वतःच सुधारावं अशा धाटणीचे होते. जवळपास तीस वर्षं हे चाललं आणि लठ्ठपणा काही कमी झाला नाही.

संशोधनाचा पैसा कुठून आला, हेही विचारावं लागतं. साखरेची पेयं आणि वजनवाढ यांवरचे आढावे २०१३ साली तपासले गेले. खाद्य-पेय उद्योगाशी हितसंबंध नसलेल्या दर सहांपैकी पाच निष्कर्षांत पेयांचा वजनवाढीशी संबंध दिसला होता. हितसंबंध असलेल्यांत नेमक्या तेवढ्याच प्रमाणात 'पुरावा अपुरा' असं म्हटलं होतं.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. मोहिमेच्या उद्घाटनाची बातमी छापताना, हा उपाय आधी कुठे तपासला गेला, कुणाशी तुलना करून, कुणाच्या पैशानं, हे आपल्या वार्ताहरांनी विचारावं. उत्तर मिळालं नाही तर तसं छापावं. मग वर्षानं पुन्हा फोन करून निकाल विचारावा आणि तो, चांगला असो वा वाईट, उद्घाटनाच्या बातमीइतक्याच जागेत द्यावा.

आपली नम्र,
एक वाचक, श्वसनविकार विभागातील परिचारिका