शिक्षक बँकेच्या जाहीरनाम्यात मूल्यमापन कुठे आहे?

संपादक महोदय,

सातारा, सांगली आणि कोल्हापूरच्या प्राथमिक शिक्षक बँकांच्या निवडणुका २०२२ मध्ये झाल्या. पाच वर्षांच्या मुदतीचा हिशेब धरला तर पुढची खेप २०२७ ची. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी टीईटीबाबत (शिक्षक पात्रता परीक्षेबाबत) जो निकाल दिला, त्यातली दोन वर्षांची मुदतही २०२७ मध्येच सरते. सेवेची पाचहून अधिक वर्षे शिल्लक असलेल्या शिक्षकाने तोवर परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, नाहीतर घरी जायचे. पाचपेक्षा कमी वर्षे उरलेल्यांची नोकरी शाबूत, पण पदोन्नती नाही. एकीकडे गुरुजींच्या बँकेची निवडणूक, दुसरीकडे त्यांच्या नोकरीचा फैसला. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे असे शिक्षक संघटनांच्या आमच्या पुढाऱ्यांना वाटत असल्याचे दिसत नाही, म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, आहे. सून प्राथमिक शिक्षिका आहे, त्यामुळे बँकेच्या निवडणुकीतल्या पॅनेलची पत्रके अजून घरी येतात. गेल्या खेपेची मी जपून ठेवली आहेत. कर्जाचा व्याजदर कमी करू, कर्जमर्यादा वाढवू, लाभांश वाढवू, मयत सभासदाच्या वारसांना मदत करू, नोकरभरती करणार नाही. सगळी आश्वासने रास्त आहेत. बँक चालवायची तर हेच बोलावे लागते. पण बँकेत निवडून येणारे आणि संघटना चालवणारे लोक एकच असतात. शिक्षक संघ, त्यातले गट, शिक्षक समिती या संघटनांची ताकद बँकेच्या मतमोजणीवर जोखली जाते. मग शिक्षकाचे काम कोणी, कसे आणि कशावरून मोजायचे, याबद्दल एकाही पत्रकात एक ओळ नसावी?

आणखी एक विसंगती पाहा. बँकेच्या निवडणुकीला मतदारयादी असते, तिच्यावर हरकती घेता येतात, निवडणूक निर्णय अधिकारी असतो, मतदान गुप्त असते. संघटनेचा जिल्हाध्यक्ष मात्र बहुतेक ठिकाणी अधिवेशनात ठरतो. आधी कुणाच्या तरी बंगल्यावर नाव नक्की होते, मंडपात सूचक-अनुमोदक उभे राहतात, टाळ्या पडतात आणि ‘बिनविरोध’ची बातमी आपल्याच वृत्तपत्रात छापून येते. पावती फाडणाऱ्या सभासदाने अध्यक्षासाठी मतपत्रिका पाहिलेलीच नसते. प्राथमिक शिक्षकाला तर विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघातही मत नाही. तो हक्क माध्यमिक आणि त्यावरच्यांना. म्हणजे त्याचा आवाज सरकारपर्यंत नेणारी वाट संघटनेचीच, आणि तिथेही त्याने हात वर करायचा एवढेच.

आता मूल्यमापनाबद्दल. शिक्षकाच्या कामावरच्या वार्षिक गोपनीय अहवालाचा कागद मी अनेक वर्षे जवळून पाहिला आहे. शिक्षक स्वयंमूल्यमापन लिहितो, मुख्याध्यापक अभिप्राय देतो, वरचा अधिकारी प्रतवारीवर सही करतो. द्विशिक्षकी शाळेत हा मुख्याध्यापक म्हणजे शेजारच्या वर्गात शिकवणारा सहकारीच असतो, ज्याच्याबरोबर रोज डबा खायचा. त्याने काय लिहावे अशी आपली अपेक्षा आहे? म्हणून सगळे अहवाल एकसारखे गुळगुळीत. पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत घेऊन मुलांना वाचते करणारी बाई आणि दुपारनंतर ‘पंचायत समितीत काम आहे’ म्हणून निघणारे गुरुजी यांच्या कागदांत मला कधी फारसा फरक दिसला नाही. चांगल्या शिक्षकावर यापेक्षा मोठा अन्याय नाही. आणि ही गोष्ट संघटनेच्या व्यासपीठावरून कोणी बोलत नाही, कारण दोघेही सभासद आणि दोघांचेही मत सारखेच.

ही पोकळी सरकारने आपल्या पद्धतीने भरली. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने बारा आणि चोवीस वर्षांनंतरची वरिष्ठ व निवड वेतनश्रेणी शाळेच्या ‘शाळासिद्धी’ या शाळा-मूल्यमापनातल्या अ श्रेणीशी बांधली, नववी-दहावीच्या शिक्षकांसाठी शिवाय ८० टक्के निकालाची अट घातली. शाळेला कुंपण नाही, पाणी नाही, त्याचा भुर्दंड शिक्षकाच्या पगाराला! ओरड झाली आणि पुढे ती अट काढावी लागली. जुलै २०२३ मध्ये मराठवाड्यात विभागीय पातळीवरून शिक्षकांसाठी ‘प्रेरणा परीक्षा’ निघाली, संघटनांनी बहिष्कार घातला. टीईटीच्या निकालानंतर मोर्चे निघाले, ५ डिसेंबर २०२५ ला शाळा बंद राहिल्या. बहुतेक विरोध मला पटतो. १९९८ साली रीतसर नेमलेल्या शिक्षकाला, जी परीक्षा राज्यात २०१३ मध्ये सुरू झाली ती आता द्यायला लावणे हे माझ्याही बुद्धीला पटत नाही. शिवाय याच परीक्षेच्या गैरव्यवहारात परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त डिसेंबर २०२१ मध्ये अटकेत गेले आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. तिच्या पावित्र्याबद्दल आम्हाला कोणी शिकवू नये.

पण दर वेळी ‘हे नको’ म्हणून झाल्यावर ‘मग काय हवे?’ या प्रश्नाला संघटनांकडे उत्तर नसते. पालक हे पाहतो आणि मुलाला इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनमध्ये बसवतो.

अमेरिकेतल्या शिकागोचे उदाहरण देतो. तिथे २०१० मध्ये शिक्षक संघटनेच्या सभासदांनी मतदान करून जुने नेतृत्व घालवले आणि रसायनशास्त्राच्या शिक्षिका कॅरेन लुईस अध्यक्ष झाल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांच्या संघटनेने सात शालेय दिवस संप केला. कळीच्या मुद्द्यांपैकी एक हाच होता, मुलांच्या चाचणीगुणांना शिक्षकाच्या मूल्यमापनात किती वजन द्यायचे? महापौरांच्या बाजूला ते वाढवायचे होते. अखेर राज्याच्या कायद्यात होते तेवढ्या किमान ३० टक्क्यांवर ते रोखले गेले. मूल्यमापनच नको, असे त्या म्हणाल्या नाहीत. कशाला किती वजन, यावर त्या टेबलावर भांडल्या. तिथले सगळे आलबेल आहे असे नाही, वर्षभरातच शहराने पन्नासच्या आसपास शाळा बंद केल्या. तरी सभासदाच्या मताने आलेला नेता आकड्यांवर भांडू शकतो, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे भांडायला विषय कमी नाहीत. मूल जूनमध्ये कुठे होते आणि एप्रिलमध्ये कुठे पोचले ते मोजा, नुसता शेवटचा गुण नको. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या मुलांचे महिने वेगळे धरा. बीएलओचे (मतदारयादीचे) काम, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती यांत गेलेले दिवस त्याच कागदावर लिहा. वर्ग पाहायला दुसऱ्या तालुक्यातले दोन अनुभवी शिक्षक येऊ द्या, म्हणजे शेजारधर्म आड येणार नाही. शिक्षकाला लेखी उत्तर देता आले पाहिजे. असा मसुदा एका जिल्ह्याच्या संघटनेने करून शिक्षण आयुक्तांपुढे ठेवला, तरी पुढचा शासन निर्णय काढताना मंत्रालयाला दोनदा विचार करावा लागेल.

तेव्हा सर्व पॅनेलप्रमुखांना जाहीर विनंती: येत्या पत्रकात व्याजदराच्या शेजारी मूल्यमापनाबाबतची आपली भूमिका छापा. आणि संघटनेचा जिल्हाध्यक्ष पुढच्या अधिवेशनात हात वर करून न निवडता, तालुक्यातालुक्यात मतपेटी ठेवून निवडा. बँकेच्या निवडणुकीचा खर्च झेपतो, तर हाही झेपेल.

– एक निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा