पाण्याच्या गोंदाला दोष देण्याआधी कोबा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशकात मी बरीच वर्षे विनाइल फ्लोअरिंग, म्हणजे जमिनीवर चिकटवायचे प्लास्टिकचे शीट, बसवण्याचे काम करतो. दवाखाने, जिम, शाळांच्या संगणक खोल्या, गंगापूर रोडवरची ऑफिसे, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या केबिन, अशी कामे हाती येतात. आता २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून लॉज-हॉटेलवाल्यांचीही घाई सुरू आहे. या घाईत एक वाक्य सारखे कानावर पडते, 'पाण्याचा गोंद काही कामाचा नाही, आपलं जुनं सोल्युशनच मारा.' हे म्हणणे मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे मालक, ठेकेदार आणि माझ्यासारख्या कारागिरांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी सोल्युशनबद्दल, म्हणजे द्रावकातल्या जुन्या गोंदाबद्दल सांगतो. त्यात बहुतेक वेळा टोल्युईनसारखे द्रावक असते. टोल्युईनची वाफ साधारण ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे नाशिकच्या थंडीतल्या पहाटेसुद्धा बंद खोलीत एक ठिणगी पुरते. खिडक्या लावून, गुडघ्यांवर बसून, तोंड जमिनीजवळ नेऊन दिवसभर ते पसरवणारी पोरे संध्याकाळी डोके धरून बसतात. कोणाला मळमळते, कोणाला जेवण जात नाही. या पोरांमध्ये माझ्या घरातलीही आहेत. म्हणून पाण्यातला अॅक्रिलिक गोंद आला तेव्हा मी तो मनापासून स्वीकारला. आजही माझा आग्रह त्याचाच असतो.

मात्र हा गोंद सोल्युशनच्या सवयीने वापरला तर दगा देतो. डब्यात तो दुधासारखा पांढरा दिसतो, कारण अॅक्रिलिकचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी निघून गेले की हे कण एकमेकांवर दाबले जातात, एकजीव होतात आणि पातळ पारदर्शक पापुद्रा तयार होतो. चिकटण्याची ताकद त्या पापुद्र्यात आहे. पाणी गेलेच नाही तर पापुद्रा होणार कसा? टोल्युईन उडायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सहापट उष्णता तेवढ्याच वजनाचे पाणी उडायला लागते. सोल्युशन पाच-दहा मिनिटांत तयार होते, म्हणून यालाही तेवढीच मिनिटे दिली की काम बिघडलेच म्हणून समजा.

या पाण्याला जायला दोनच वाटा आहेत, एक वर हवेत आणि दुसरी खाली कोब्यात, म्हणजे विनाइलखालच्या सिमेंटच्या थरात. वरून विनाइल अंथरले की हवेची वाट बंद. खाली घोटीव कोटा किंवा जुनी मोझेक फरशी असेल तर तीही वाट बंद. मग पाणी मधेच अडकते. म्हणून कामाआधी मी कोब्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून बघतो. मिनिटाभरात थेंब आत शोषला गेला तर कोबा पाणी पितो असे समजायचे. तिथे, गोंदाच्या डब्यावर तशी सूचना असेल तर, गोंद थोडा ओलसर असताना विनाइल टाकता येते. थेंब तसाच उभा राहिला तर गोंद पूर्ण पारदर्शक होईपर्यंत हात लावायचा नाही. बोट टेकवले तर चिकटपणा जाणवला पाहिजे, पण बोटाला गोंद लागता कामा नये. खोलीच्या कोपऱ्यात, दाराआड, जिथे गोंद नेहमी जाड पडतो, तिथेच बोट लावून बघावे. मधला भाग आधी वाळतो आणि तोच फसवतो.

एका खासगी दवाखान्यात मला दुरुस्तीसाठी बोलावले होते. वॉर्डमधल्या विनाइलला तळहाताएवढे फुगे आले होते, कॉटची चाके फिरतात तिथे शीट सरकून सांधे उघडे पडले होते. मालकांनी गोंदाच्या कंपनीकडे तक्रार केली होती. मी एक तुकडा कापून उचलला. बसवून बरेच आठवडे झाले होते, तरी खाली गोंद पांढराच होता आणि बोटाने पुसला जात होता. कोबा हिरवट-काळा पडला होता. चौकशी केली तेव्हा कळले की कोबा भर पावसात टाकला होता आणि उद्घाटनाची तारीख आधीच छापून झाली होती. तिथे कुठलाही गोंद टिकला नसता.

नवा कोबा वरून कोरडा दिसतो, आत ओला असतो. इंचभर जाडीला साधारण एक महिना, असा ढोबळ हिशोब आहे, आणि तो चांगल्या हवेतला. आषाढ-श्रावणात खोलीतली हवाच दमट असते, तेव्हा हा हिशोब लांबतो. पहिली, ढोबळ तपासणी कोणालाही करता येते. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर अंथरून चारही कडांना टेप लावायची आणि किमान १६ तास तसेच ठेवायचे. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला तर काम थांबवायचे. प्लास्टिकखाली कोरडे दिसले म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, ही परीक्षा वरवरचीच आहे. मोठ्या कामात कोब्याला भोक पाडून आतली आर्द्रता मोजणारे मीटर वापरतात. एकाच बाजूने वाळणाऱ्या कोब्यात भोक जाडीच्या ४० टक्के खोल घेतात. लाखो रुपयांच्या फ्लोअरिंगपुढे त्या मीटरचा खर्च काहीच नाही.

ओलीबरोबर आणखी एक त्रास वर येतो. सिमेंट फार अल्कधर्मी असते, ताज्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो. ओल वर चढताना हा खार गोंदापर्यंत आणते, गोंद मऊ पडतो, हळूहळू विघटित होतो. काही खोल्यांत विनाइल बसवल्यावर महिन्यांनी गोडसर, कुबट वास येऊ लागतो, तो यातूनच. लोक त्यावर फिनेल टाकतात आणि पुसण्याचे पाणी उघड्या सांध्यांतून आणखी आत जाते.

ऋतूंचेही सांगायला हवे, कारण डब्यावर लिहिलेला वेळ नाशिकच्या बारा महिन्यांना सारखा लागू पडत नाही. एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा असते. पूर्ण खोलीत गोंद पसरेपर्यंत पहिल्या कोपऱ्यातला गोंद वाळून मेलेला असतो, त्यावर विनाइल टाकले तर नुसते पडून राहते. म्हणून जेवढे झाकता येईल तेवढेच पसरावे, पश्चिमेच्या खिडकीला कापड लावावे. पावसाळ्यात वेळ वाचवायला काही जण मोठा ब्लोअर थेट गोंदावर सोडतात. त्याने वर साय धरते आणि पाणी खाली कोंडले जाते. पंखा लावायचाच तर हवा खोलीतून खेळती राहील असा लावावा, गोंदावर रोखून नाही. थंडीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा कण नीट एकजीव होत नाहीत आणि विनाइलही ताठर होते. डबे आणि रोल आदल्या दिवसापासून त्याच खोलीत ठेवावेत, उघड्या टेम्पोत किंवा गच्चीवर नाही. निफाडच्या बाजूला तर जास्तच जपावे. गोंद एकदा गोठला की नासलेल्या दुधासारखा फुटतो, मग ऊब देऊन, ढवळून काही उपयोग नाही.

गोंद पसरायच्या थापीकडे कोणी बघतच नाही. या कामाला दातेरी थापी लागते, बहुतेक विनाइलसाठी दीड मिलिमीटरच्या आसपासच्या दातांची. कोब्यावर घासून दात झिजतात, आणि झिजलेल्या थापीने गोंद निम्मासुद्धा पडत नाही. मग कारागीर तीच थापी दोनदा फिरवतो, कुठे जाड, कुठे पातळ. साधारण २५० ते ३५० ग्रॅम गोंद एका चौरस मीटरला लागतो. डबा संपला तेव्हा किती जागा झाली एवढे मोजले तरी थापी बरोबर आहे का ते कळते. गोंद पुरवायला पाणी घालणाऱ्यांना मी माझ्या साइटवर उभे करत नाही. पाणी घातले की कण कमी आणि वाळायचा वेळ जास्त, दोन्हीकडून नुकसान.

विनाइल टाकल्यावर सुमारे ४५ किलोचा रोलर आधी आडवा, मग उभा फिरवायचा. अॅक्रिलिक दाबानेच पकडतो. पायाने चेपून भागत नाही, कारण पाय सगळीकडे पडत नाही. बाहेर आलेला गोंद ओला आहे तोवर ओल्या फडक्याने सहज निघतो. वाळला की त्यासाठी द्रावक शोधावे लागते, म्हणजे ज्याच्यापासून सुटका हवी होती तेच पुन्हा हातात. त्यानंतर दिवसभर खोलीला कुलूप, जड सामान दोन-तीन दिवसांनी आणि पाण्याने पुसणे त्याहून उशिरा.

जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या काही तळमजल्यांवर मी हे काम घेतच नाही. तिथे कोब्याखाली ओल अडवणारा थर नाही, जमिनीतून ओल येतच राहते. आधी इपॉक्सीचा ओलरोधक थर द्यायची तयारी असेल तरच विनाइल, नाहीतर साधी फरशी बरी, असे मी स्पष्ट सांगतो. गिऱ्हाईक नाराज होते, तरी सांगतो.

आता माझ्या मागण्या. मी आजवर वापरलेल्या डब्यांवर थापीच्या दातांचे माप, थांबण्याचा वेळ आणि कोब्याच्या ओलीची मर्यादा इंग्रजीत बारीक अक्षरात असते. डबा उघडणारा माणूस मराठी किंवा हिंदी वाचतो. या तीन गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरात छापायला कंपन्यांना काय अडचण आहे? आयटीआयमध्ये अशा कामाचे आठवडाभराचे प्रशिक्षण मिळाले तर माझ्याकडची पोरे मी स्वतः पाठवीन. महापालिका, शाळा आणि दवाखाने फ्लोअरिंगच्या निविदा काढतात, त्यांनी ओल तपासणी हे स्वतंत्र काम म्हणून लिहावे आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. तो अहवाल आल्याशिवाय गोंदाचा डबा उघडू नये, अशी अटही घालावी. वाळण्याचे दिवस वेळापत्रकात धरलेले नसतील तर दंडाच्या भीतीने ठेकेदार ओल्या कोब्यावरच काम उरकणार, आणि गोंद सुटला की पुढच्या वेळी पुन्हा सोल्युशनचे डबे साइटवर येणार.

आपला,
एक फ्लोअरिंग मिस्त्री, सिडको, नाशिक