लायब्ररीतल्या काकांना, तिसऱ्या खंडाबद्दल

काका, नमस्कार. ओळखलंत का? गेल्या महिन्यात बंद व्हायच्या टायमाला येऊन 'रंगकस' नावाच्या भाषेबद्दल काही आहे का विचारणारा तो मीच. तुम्ही आधी सातवा खंड आणून ठेवलात, कारण ग्रियर्सनचा सर्व्हे (इंग्रजांच्या काळातली ती भारतातल्या भाषांची पाहणी) म्हटलं की आपल्याकडे सगळे मराठीचाच मागतात, मग हिमालयातली भाषा म्हटल्यावर काही न बोलता स्टूल घेऊन वरच्या फळीला हात घातलात.

तेव्हा घाईत सांगायचं राहिलं. मी उत्तराखंडातल्या मिलम ग्लेशियरचा ट्रेक करून आलो होतो. मुनस्यारीला ज्या आमांकडे (तिकडे आजीला आमा म्हणतात) राहिलो त्या जोहार खोऱ्यातल्या शौका समाजाच्या, म्हणजे उन्हाळ्यात वर मिलम-मर्तोलीला, थंडीत खाली, आणि शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर माल लादून तिबेटशी व्यापार, तो १९६२ ला बंद पडला आणि वरची गावं ओस पडली. मी उगाच शहाणपणा करत म्हटलं आमा तुमच्या जुन्या भाषेत काहीतरी बोला ना, तर त्या तिकडची नेहमीची कुमाऊनीच बोलल्या. म्हणे जुनी कुठली, माझी आजी पण हेच बोलायची! शेजारच्या दारमा, ब्यांस खोऱ्यांमधे आपापल्या भाषा अजून टिकून आहेत, जोहारची रंगकस गेली. युनेस्कोच्या २०१० च्या अ‍ॅटलासमधे रंगकसपुढे सरळ 'नामशेष' लिहिलंय.

आणि तुमच्या त्या १९०९ च्या धुळकट खंडात ती होती की! स्टेन कोनो नावाच्या नॉर्वेच्या माणसाने तिबेटी-बर्मी भाषांचा हा भाग केलाय, पानं मोजकीच, पण आहेत. बाकीचे दिवे बंद झाले तरी तुम्ही माझ्या टेबलावरची ट्यूब चालू ठेवलीत, पान उलटू नये म्हणून स्वतःची पट्टी दिलीत, मी मोबाईलवर फोटो काढत बसलो आणि तुमची बस गेली, हे मला नंतर वॉचमनकडून कळलं. सॉरी खरंच.

ते फोटो आमांच्या नातवाला व्हॉट्सअ‍ॅप केले. रोमन अक्षरं, वर-खाली टिंबं आणि रेघा, उच्चार बरोबर का चूक सांगणारं कोणी नाही, तरी त्याने आमांना मोठ्याने वाचून दाखवलं. आमांना एकही वाक्य कळलं नाही, पण तीनदा वाचायला लावलं म्हणे, आणि मधेच चुलीवरचं दूध उतू गेलं त्याचं खापर माझ्यावर.

थँक्यू काका. एका पानाच्या फोटोत तुमचा अंगठा आलाय, त्याखालच्या दोन ओळी नातू मागतोय. शनिवारी लवकर येतो, स्टूल मी धरतो.